पेलेटमधला फ्लक्स मोजायचाय: एसी ससेप्टिबिलिटी की डीसी लूप?

सिंटर केलेल्या (भट्टीत तापवून घट्ट केलेल्या) वायबीसीओच्या, म्हणजे यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या अतिसंवाहकाच्या, पेलेटमध्ये (दाबून केलेल्या टिकलीत) फ्लक्स, म्हणजे चुंबकीय बलरेषा, दोन टप्प्यांत शिरतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच: आधी ग्रेनच्या (स्फटिककणांच्या) सीमांमधून, अगदी क्षीण क्षेत्रात, आणि मग बऱ्याच मोठ्या क्षेत्रात खुद्द ग्रेनमध्ये. हे मोजायच्या दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत: एसी ससेप्टिबिलिटी, म्हणजे छोट्या प्रत्यावर्ती क्षेत्राला सॅम्पल देतं तो प्रतिसाद, आणि डीसी लूप, म्हणजे स्थिर क्षेत्र पायरीपायरीने वर-खाली नेत काढलेला चुंबकनाचा आलेख.

डीसी लूपची बाजू भक्कम आहे. काही टेस्लापर्यंत जाता येतं, ग्रेनच्या आतलं पिनिंग (फ्लक्सचं अडकून राहणं) नीट दिसतं. क्षेत्र स्थिर ठेवून चुंबकन वेळेनुसार कसं ओसरतं तेही पाहता येतं, त्यामुळे फ्लक्स क्रीपसाठी (अडकलेला फ्लक्स हळूहळू कसा सरकतो त्यासाठी) मी डीसीच घेईन. लूपच्या रुंदीवरून प्रवाहघनता काढताना भौतिकशास्त्रज्ञ बीन यांच्या सूत्रात लांबी पेलेटची घालायची की ग्रेनची, असा पेच पडतो खरा. पण पेलेट कुटून पूड केली आणि लूप फारसा बदलला नाही, तर ग्रेनची घालायची.

मला खरा जाच झाला तो शून्याचा. अतिसंवाहक मॅग्नेट मोठ्या क्षेत्रात नेऊन परत आणला की त्याच्या तारांमध्ये थोडा फ्लक्स अडकून राहतो. म्हणजे जो परिणाम सॅम्पलमध्ये शोधायचा, तोच मोजणाऱ्या यंत्रातही! पडद्यावर शून्य दिसतं आणि सॅम्पलपाशी काही ओर्स्टेड (एक ओर्स्टेड म्हणजे टेस्लाचा साधारण दहा-हजारावा भाग), कधी काही दहा ओर्स्टेड असतात. एरवी तिकडे काणाडोळा चालतो. इथे मात्र 77 केल्विनला सीमांचा सगळा खेळ तेवढ्याच क्षेत्रात आटोपतो. सॅम्पल शून्य क्षेत्रात थंड केलं म्हणावं, तर सीमांमध्ये फ्लक्स आधीच ठाण मांडून बसलेला. आदल्या मोजणीत मॅग्नेट कुठवर नेला होता त्यानुसार माझ्या लूपचा सुरुवातीचा भाग सरकायचा. क्षेत्र उलटसुलट हेलकावत उतरवलं की अवशेष कमी होतो, पुरता जात नाही.

एसीमध्ये तांब्याची कॉइल असते, तीही लोखंडी गाभ्याशिवाय. प्रवाह थांबला की तिचं क्षेत्र संपलं. तापमान चढवत नेलं की प्रतिसादाच्या दोन भागांपैकी लॉस (वाया जाणारी ऊर्जा) दाखवणाऱ्या भागात सीमांचं शिखर आधी येतं, आणि ग्रेनचं, दिसलंच तर, अतिसंवाहकता संपते त्या 92 केल्विनच्या जवळ. अ‍ॅम्प्लिट्यूड वाढवला की सीमांचं शिखर झपाट्याने खालच्या तापमानाकडे सरकतं, ग्रेनचं फारसं हलत नाही. कोण कुठलं हे सॅम्पलच सांगतं, पूड करावी लागत नाही. के. एच. म्युलर यांनी 1989 मध्ये मांडलेलं ग्रॅन्युलर सॅम्पलचं मॉडेल पुढच्या आकडेमोडीला पुरेसं आहे.

लॉक-इनची (प्रतिसादाचे हे दोन भाग वेगळे करणाऱ्या अॅम्प्लिफायरची) फेज मात्र काळजीने लावा, नाहीतर एक भाग दुसऱ्यात झिरपतो. फेज लावायला नीचतम तापमान आणि लहान अ‍ॅम्प्लिट्यूड बरा, कारण तिथे लॉस जवळजवळ नसतो. मोठ्या अ‍ॅम्प्लिट्यूडला कॉइल तापते, ही मर्यादा आहेच.

तुमचं काम टेस्लाच्या पट्ट्यातलं असेल तर माझं म्हणणं कदाचित लागू पडणार नाही. सीमा हाच विषय असेल तर मी आधी एसी करेन. हाताशी फक्त डीसी असेल, तर क्षीण क्षेत्राची मोजणी मोठ्या क्षेत्राच्या आधी उरका, आणि खरं शून्य कुठे आहे ते पॅलेडियमच्या तुकड्यावर तपासून घ्या; त्याचं चुंबकन क्षेत्राच्या प्रमाणात असतं.