माकडतापाच्या गोचिडी: फडकं ओढायचं की गुरं तपासायची?

माकडताप म्हणजे गोचिडी चावल्याने होणारा विषाणूचा ताप. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरीच्या काजूबागांलगत त्याच्या गोचिडींची पाहणी करायची ठरली की पहिला प्रश्न हाच येतो: पाचोळ्यावरून पांढरं फडकं ओढून त्यावर चढलेल्या गोचिडी गोळा करायच्या, की गुरांच्या अंगावरच्या काढायच्या? मी दोन्ही करून पाहिलंय.

गुरं तपासणं सोपं, यात वाद नाही. सकाळी सोडायच्या आधी गोठ्यात जायचं, कानामागे, आचळांजवळ, शेपटीखाली बघायचं आणि चिमट्याने काढून कुपीत टाकायचं. अर्ध्या तासात कुपी भरते. फडकं मात्र दमवतं. दव सुकेपर्यंत थांबावं लागतं, करवंदीच्या जाळीत कापड फाटतं आणि कधी कधी तासभर ओढूनही दोन-चारच गोचिडी हाती लागतात.

तरीही माझं गोठ्यात अडलं ते कुपीवरच्या चिठ्ठीपाशी. एकदा एका गाईच्या मानेवर हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, म्हणजे माकडतापाची मुख्य वाहक जात, सापडली. गाय चरते कुठे म्हणून विचारलं. मालक म्हणाले, "आज सड्यार, काल व्हाळापलीकडे, परवा राईत." मग चिठ्ठीवर ठिकाण काय लिहायचं? गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचं डीएमपी तेल आधी कुठल्या वाडीत वाटायचं? त्या कुपीचं उत्तर प्रयोगशाळेतून आलं असतं, तरी मला पाऊल कुठे टाकायचं ते कळलं नसतं.

शिवाय माणसाला मुख्यतः चावते ती निंफ, म्हणजे पूर्ण न वाढलेली गोचिडी, खसखशीएवढी. हिवाळा ते उन्हाळा तिचा काळ, आणि काजू, पालापाचोळा, सरपण गोळा करायलाही लोक तेव्हाच रानात शिरतात. ती पाचोळ्यात असते, फडक्यावर चढते. गाईच्या अंगावर बहुतेक वेळा दिसतात त्या फुगलेल्या मोठ्या गोचिडी, आणि त्यांतल्या बऱ्याच दुसऱ्याच जातीच्या. गाय हा विषाणू फारसा पसरवत नाही, पण माकडतापाच्या गोचिडींना पोसते. म्हणून पावसाळ्यात, पूर्ण वाढलेल्या गोचिडींच्या दिवसांत, गोठ्याची फेरी मी अजूनही सोडत नाही.

माकड मेलेलं सापडलं तर मात्र विचार करत बसू नये. मेलेल्या अंगावरून गोचिडी उतरून आसपास पसरतात. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात या तापाची ओळख पटली, तीही मेलेल्या माकडांमुळेच. म्हणून माकड मेलेल्या जागी फडकंच न्यावं.

तुमच्याकडे माणसं कमी असतील तर गोठ्यापासून सुरुवात करणं चुकीचं म्हणणार नाही. पण एकच निवडायचं असेल, तर मीटरभर पांढरं फ्लॅनेल आणि एक काठी घ्या. दर दहा पावलांनी कापड उलटून बघा, पायजम्याचे पाय मोज्यात खोचा आणि परतल्यावर आधी स्वतःची कंबर आणि काखा तपासा.