मायएसक्यूएलमधल्या तारखा: बरेच महिने वापरल्यावर

अपॉइंटमेंट नोंदवणाऱ्या एका वेब अ‍ॅपसाठी मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस वापरतोय, त्याला आता बरेच महिने झाले. त्यातल्या फक्त तारखांबद्दल लिहितो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यातच जातो.

साठवण्याबद्दल तक्रार नाही, फक्त कुठे कोणता प्रकार हे आधी ठरवायला हवं. तारीख आणि वेळ एकत्र ठेवायला टाइमस्टॅम्प आणि डेटटाइम असे दोन प्रकार आहेत. टाइमस्टॅम्प आत जाताना यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) होतो आणि बाहेर येताना सेशनच्या, म्हणजे त्या कनेक्शनच्या, टाइमझोनप्रमाणे दिसतो. डेटटाइम जसा दिला तसाच परत मिळतो. म्हणून 'नोंद कधी झाली' याला टाइमस्टॅम्प, आणि 'पुढच्या महिन्यात सकाळी १० वाजता' अशा ठरलेल्या वेळेला डेटटाइम, शेजारच्या कॉलममध्ये झोनचं नाव. मध्ये एखाद्या देशाने घड्याळाचे नियम बदलले तरी अपॉइंटमेंट १० चीच राहते. टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला संपतो. दूरचं वाटतं, पण 'कायमची मेंबरशिप' म्हणून २०९९ टाकायला गेलात की स्ट्रिक्ट मोड (न बसणारी किंमत नाकारणारी सेटिंग) आजच अडवतो. मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या मारियाडीबी या डेटाबेसने ११.५ पासून ६४ बिट सिस्टिमवर ही मर्यादा २१०६ पर्यंत नेली आहे.

फिल्टरमध्ये मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. जानेवारीच्या रिपोर्टसाठी बिटवीन '२०२४-०१-०१' अँड '२०२४-०१-३१' लिहिलं की डेटटाइम कॉलममधला ३१ तारखेचा जवळजवळ सगळा दिवस गळतो, कारण नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाचे ००:००:००. यावर शेवटी २३:५९:५९ जोडण्याचा तोडगा सर्रास दिसतो. मला तो अजिबात पटत नाही. कॉलम सेकंदाचे अंश ठेवणारा असेल तर शेवटच्या सेकंदातल्या नोंदी सुटतात. अंश न ठेवणारा असेल तर आणखी गंमत: २०२४-०१-३१ २३:५९:५९.५ साठवायला द्या, पूर्णांकात आणताना ती नोंद थेट १ फेब्रुवारीत जाऊन बसते. त्यापेक्षा '१ जानेवारी किंवा त्यानंतर, आणि १ फेब्रुवारीच्या आधी' अशी अट लिहावी. महिना किती दिवसांचा हेही मोजावं लागत नाही. अटीत कॉलमलाच मंथ() किंवा डेट() हे फंक्शन लावलं तर त्या कॉलमचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) उपयोगी पडत नाही. ८.०.१३ पासून फंक्शनवर इंडेक्स करता येतो, पण वरच्या अटीने काम होत असताना तो कशाला वाढवायचा?

फॉरमॅटिंग मी डेटाबेसमध्ये करतच नाही. डेट_फॉरमॅट() चांगलं आहे (मिनिटांचं अक्षर आय, कारण एम महिन्याने आधीच पटकावलंय), पण त्यातून तारीख नव्हे, मजकूर मिळतो. त्यावर सॉर्ट केलं की ०१/१२/२०२४ ही ०२/०१/२०२४ च्या आधी येते. वर्ष-महिना-दिवस असा क्रम तसाच बाहेर पाठवतो; ब्राउझरच्या इंटलला (तारखा आणि अंक भाषेप्रमाणे दाखवणारी जावास्क्रिप्टची सोय) मराठी लोकेल, म्हणजे भाषेची खूण, दिलं की अंकही देवनागरीत येतात. जन्मतारखेसारख्या नुसत्या तारखेला मात्र तिथे टाइमझोन यूटीसी द्यायला विसरू नका. जावास्क्रिप्ट अशी तारीख यूटीसीची मध्यरात्र धरतं, त्यामुळे ग्रिनिचच्या पश्चिमेला बसलेल्याला एक दिवस आधीची दिसते.

नवीन सर्व्हरवर टाइमझोनची माहिती ठेवणारी टेबलं भरली आहेत ना, तेही बघा. ती नसली की वेळ एका झोनमधून दुसऱ्यात नेणाऱ्या कन्व्हर्ट_टीझेड() ला झोनचं नाव दिल्यावर एरर येत नाही, गुपचूप नल (रिकामी किंमत) येतो.