पायाचे बोट हातावर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मार्चमध्ये कडबा कुट्टी यंत्रात पेंढी सारताना माझ्या उजव्या हाताचा अंगठा बुडापासून तुटला. धाकट्या भावाने तो शोधून बर्फात खुपसला आणि आम्ही लातूर गाठले. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते, हे आम्हाला तिथे कळले. पात्याने तो चेंगरलाही होता. परत जोडता आला नाही.

जखम भरल्यावर जुलैमध्ये डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारचे बोट काढून हातावर बसविण्यात आले. ऐकायला अघोरी वाटते, पण इंग्लंडमध्ये जॉन कॉबेट यांनी १९६८ सालीच पायाचा अंगठा हातावर बसविला होता. हाड तारांनी जोडून, जेमतेम मिलीमीटरभर रुंदीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवण्यात नऊ तास गेले. पुढचे काही दिवस परिचारिका तासातासाला नख दाबून लाली परतते का ते पाहत असत. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात म्हणून तंबाखू बंद झाली. ती आजतागायत बंद आहे, हा वरकड नफा.

मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढतो, त्यामुळे सुरुवातीला हे बोट लाकडाच्या खुंटीसारखेच होते. परातीत ज्वारी पसरून एकेक दाणा चिमटीने वाटीत टाकण्याचा व्यायाम मी रोज करीत असे. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात सात दाणे पडले, आणि तेही आईने मोजले म्हणून खरे. चौथ्या महिन्यात चहाची कपबशी धरताना चटका बसला, तेव्हा मी कप खाली न ठेवता तसाच धरून राहिलो.

आज भाकरी मोडता येते, शर्टाची गुंडी लागते, विळा धरता येतो. म्हशीची धार मात्र निम्मी काढली की हात भरून येतो, बोट पुरते वाकत नाही आणि थंडीत पहाटे ठणकते. पायाबद्दल आधी कोणी नीट सांगितले नव्हते, ही माझी तक्रार आहे; स्लिपरचा पट्टा बोटांत टिकत नाही, म्हणून चिखलातही सँडल घालावी लागते. ज्याला रोजच्या व्यायामासाठी सहा महिने काढता येणार नाहीत, त्याने शस्त्रक्रियेपूर्वी दहा वेळा विचार करावा.

रेशनच्या यंत्रावर हा अंगठा अर्थातच जुळत नाही. दुकानदाराने दोनदा पुसून लावायला सांगितले, मग मी डावा पाय वर करून दाखवला.