रात्री चमकणारं जाकीट आणि माझी फसवणूक

आमची काजळ नावाप्रमाणेच काळीकुट्ट. छातीवर पांढरा ठिपकासुद्धा नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला तिला फिरायला नेलं की ती रस्त्यात विरघळून जाते. दोरी माझ्या हातात असते म्हणून मला कळतं, की पलीकडच्या टोकाला कुत्रं आहे. यावर उपाय म्हणून मी रात्री चमकणारं जाकीट आणि दिव्याचा गळपट्टा असा जोड ऑनलाइन मागवला आणि पुरती फसले.

जाहिरातीतला व्हिडिओ देखणा होता. अंधाऱ्या रस्त्यावर काळं कुत्रं समोरून चालत येतं, कोणीतरी कडेच्या भिंतीजवळून टॉर्च मारतं आणि जाकिटावरच्या दोन पट्ट्या एकदम पांढऱ्याशुभ्र पेटतात. मी तो चारपाच वेळा पाहिला. लबाडी खरं तर तिथेच दिसत होती, पण ते पुढे सांगते.

पार्सल आलं. पोपटी कापड, त्यावर रुपेरी पट्ट्या, शिलाईही बरी. काजळला घातलं, मापात बसलं, फोटो काढले, झालं. वस्तू रात्रीसाठी घेतली आणि पारखली भर दुपारी! इतका बावळटपणा मी आधी कधी केल्याचं आठवत नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेने चाललो होतो. वळणावरून एक दुचाकी आली, हेडलाइट थेट आमच्यावर. जाकीट आहे म्हणून मी निर्धास्त. करकचून ब्रेक लागला आणि पुढचं चाक काजळपासून हातभर अंतरावर थांबलं. ती दचकून माझ्या पायांत शिरली. चालवणारा मुलगाही थरथरत होता. "काकू, तुम्ही दिसलात, पण कुत्रं दिसलंच नाही हो." मी जरा तावातावानेच जाकिटाकडे बोट दाखवलं. त्याने वाकून पाहिलं. "ही पट्टी? हा तर नुसता रंग आहे. माझ्या बॅगेवरची बघा." मी फोनचा टॉर्च लावला. त्याच्या पाठीवरच्या बॅगेची मळकी पट्टी झगझगीत उजळली. काजळच्या अंगावरची करडीच्या करडी.

घरी येऊन थोडं वाचलं तेव्हा उलगडा झाला. खऱ्या परावर्तक पट्टीत काचेचे अगदी बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक बसवलेले असतात. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेने ते तो परत पाठवतात. चालकाचे डोळे हेडलाइटपासून फार लांब नसतात, म्हणून त्याला पट्टी पेटल्यासारखी दिसते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती जेमतेमच चमकताना दिसेल. आता तो व्हिडिओ आठवा. टॉर्च भिंतीजवळ, कॅमेरा समोर, आणि पट्टी चमकतेय कॅमेऱ्याकडे! खऱ्या पट्टीला हे जमत नाही. चमक नंतर संगणकावर चढवलेली होती.

पारख करायला काही लागत नाही. खोलीत अंधार करा किंवा जाकीट बाहेर टांगा, पंधरावीस पावलं मागे जा, टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला टेकवून धरा. पट्टी पेटली पाहिजे. मग टॉर्च तसाच रोखून हात लांब बाजूला न्या, चमक झटकन उतरली पाहिजे. ते नको असेल तर फोनचा फ्लॅश लावून लांबून फोटो काढा, खरी पट्टी फोटोत पांढरी फटक येते. पार्सल आलं त्याच रात्री हे करा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. चालकाचा हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर कापून झालेलं असतं.

पोपटी रंगावरही मी भाळले होते. असले भडक फ्लोरोसंट रंग दिवसाच्या उजेडातल्या अतिनील किरणांवर चमकतात, त्यामुळे ढगाळ हवेत किंवा तिन्हीसांजेला ते उपयोगी. पूर्ण अंधार पडला की त्यांची जादू संपते.

गळपट्ट्याची कथा वेगळी. काजळच्या मानेवर दाट केस, त्यात निम्मे दिवे बुडाले. हा दोष माझाच, दिवा हार्नेसवर, पाठीच्या बाजूला लावायला हवा होता. पण सेलच्या डबीला स्क्रू नव्हता, नुसतं दाबून बसवायचं झाकण. एकदा तिने अंग झाडलं आणि सेल फरशीवर घरंगळत गेला. २० मिलिमीटर व्यासाचा तो चपटा सीआर २०३२. मी उचलेपर्यंत तिचं नाक त्यावर होतं. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला आतून भाजतो, तेही फार लवकर. घरी उलटी करवायची नाही, तडक प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. "वॉटरप्रूफ" असंही छापलं होतं, पण पाणी आणि धूळ कितपत रोखली जाते ते सांगणारा आयपी क्रमांक कुठेच नव्हता, आणि पहिल्याच पावसात पट्टा बंद पडला.

तक्रार केली. उत्तर आलं, परत करायची मुदत ७ दिवस होती, शिवाय वस्तूला केस लागलेत म्हणजे ती वापरलेली. मग मी शहाणपणा करून त्यांचा हेल्पलाइन नंबर इंटरनेटवर शोधला. फोन उचलणारा इतका गोड बोलत होता की बस. पैसे लगेच परत देतो, फक्त एक अॅप घ्या आणि स्क्रीन दाखवा म्हणाला. मी फोन ठेवला. एकाच गळपट्ट्यापायी दोनदा गंडायची हौस नव्हती.

आता काजळकडे दुसरं जाकीट आहे, टॉर्चने पारखून घेतलेलं. हार्नेसवर स्क्रूच्या डबीचा दिवाही असतो, कारण बिनलाइटच्या सायकलीपुढे पट्टीचा काही उपयोग नाही. जुनं आणि नवं जाकीट शेजारीशेजारी ठेवून फ्लॅशचा फोटो काढला आणि अभिप्राय म्हणून त्यांच्या पानावर टाकला. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. जाहिरात मात्र मला अजून दिसते, त्याच व्हिडिओसह.