धडधड पकडायची कशाने: होल्टर की ईसीजीचं घड्याळ?

दवाखान्यातला ईसीजी नॉर्मल, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ठीक, तरीही छातीत मधूनच धडधडतं. या टप्प्यावर डॉक्टर होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून दिवसरात्र सलग ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावायला सांगतात, आणि घरातलं कोणीतरी (आमच्याकडे भाचा) म्हणतं, कशाला, ईसीजीवालं घड्याळच घ्या की. मी दोन्ही वापरून पाहिलंय.

पण धडधडीसोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा हरपेलसं वाटत असेल, तर ही तुलना वाचत बसू नका. 108 ला फोन करा किंवा कोणालातरी सोबत घेऊन थेट इमर्जन्सी गाठा. घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही, त्यामुळे ‘घड्याळ तर नॉर्मल दाखवतंय’ म्हणून घरी थांबू नका. जिने चढताना किंवा पळताना धडधड सुरू होत असेल, हृदयाचा जुना आजार असेल, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर आधी डॉक्टर, यंत्राचं मग बघू.

आता घड्याळ. मनगटावर हिरवा दिवा लुकलुकणारं प्रत्येक घड्याळ ईसीजी काढत नाही, बरीचशी नुसती नाडी मोजतात. ज्यात ईसीजी आहे, त्यात दुसऱ्या हाताचं बोट टेकवून 30 सेकंद हात न हलवता बसायचं. ज्यांची धडधड एकदम सुरू होते, दहा-पंधरा मिनिटं टिकते आणि एकदम थांबते, त्यांना हे फारच सोयीचं, विशेषतः ती महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच होत असेल तर. घड्याळाने ‘अनिर्णायक’ म्हटलं तरी ती स्ट्रिप, म्हणजे ईसीजीची पट्टी, डॉक्टरांना दाखवावी, त्यांना त्यातून पुष्कळ कळतं. वयस्कर माणसांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांचा ताळच सुटणं, लक्षात यायलाही घड्याळाची मदत होते. त्यातून पुढे पक्षाघाताची भीती असते, तेव्हा ते लवकर कळलेलं बरं.

माझी धडधड मात्र त्यातली नव्हती. माझा ठोका चुकायचा. एक क्षण काहीच नाही, मग छातीत एकच दणका, आणि पुन्हा सगळं सुरळीत. खरं तर ठोका चुकत नाही. एक जादा ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर जरा विसावा, आणि पुढचा जोरात जाणवतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत संपतं. चहाचा कप खाली ठेवा, ॲप उघडा, बोट टेकवा, तोवर हृदय साळसूदपणे चालायला लागलेलं. निकाल ठरलेला: सायनस रिदम, म्हणजे ताल नॉर्मल. गाडी चालवताना किंवा हात कणकेत असताना तर प्रश्नच नाही. रात्री डाव्या कुशीवर वळलं की दणके ठळक जाणवायचे, आणि घड्याळ तेव्हा चार्जरवर. मग मी नुसतंच मनगट बघायला लागलो, आणि बघितल्यानेच नाडी वाढायला लागली. शेवटी बायको म्हणाली, “अहो, जेवताना तरी ते काढून ठेवा.”

होल्टरचे त्रास वेगळे. टेक्निशियन छातीवरचे केस काढतो, स्टिकर चिकटवतो, वायरी शर्टात खोचतो, कमरेला डबी. आंघोळ बंद. उन्हाळ्यात घामाने एखादा स्टिकर सुटतो आणि आतून खाज सुटते ती वेगळीच. (नॉर्मन होल्टर यांचं मूळ यंत्र पाठीवर वाहायचं होतं, जवळपास 38 किलोचं, हे वाचल्यावर माझी कुरकूर जरा कमी झाली.) पण तो एकही ठोका सोडत नाही. दिवसाकाठी हृदय साधारण एक लाख ठोके देतं, त्यात जादा किती, सुटे की लागोपाठ, दिवसा की झोपेत, हे रिपोर्टमध्ये येतं. सोबत एक कागद देतात, जाणवलं की वेळ लिहायची. मी ‘9.40, जेवण झालं, दणका’ असं लिहिलं होतं आणि रिपोर्टमध्ये 9.40 च्या पट्टीवर तो जादा ठोका रुंद, वाकडातिकडा, स्पष्ट दिसत होता. डॉक्टर म्हणाले, एक टक्कासुद्धा नाहीत, चहा कमी करा आणि झोप वाढवा. हे जादा ठोके दहा टक्क्यांच्या पुढे गेले, तर हृदयाच्या पंपावर ताण येऊ शकतो, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) वगैरे पुढचं बघतात. घड्याळाच्या 30 सेकंदांत ही टक्केवारी मिळत नाही.

होल्टर बहुधा 24 किंवा 48 तासांचा, आणि नेमकी त्या दिवशी धडधड आलीच नाही तर कोरा रिपोर्ट, हे खरं. अशांसाठी चौदा दिवसांपर्यंत छातीवर राहणारे पॅचही असतात, तुमच्या शहरात मिळतात का विचारून पाहा. तेव्हा क्वचित येणारी पण टिकणारी धडधड असेल, तर तुम्हाला घड्याळ जास्त पटेल, त्यावर माझा वाद नाही. रोज किंवा दिवसाआड ठोका चुकत असेल, तर मी तरी घड्याळाचे पैसे वाचवून होल्टरच लावेन. त्या किमतीत असे बरेच होल्टर होतात.

होल्टर लावायला जाताना स्वच्छ आंघोळ करून जा, अंगाला तेल-पावडर नको, आणि शर्ट पुढून बटणांचा घाला.