‘सलोमे’ची डीव्हीडी: नाचासाठी घेऊ नका, विहिरीसाठी घ्या

रिशार्ड स्ट्राउसच्या ‘सलोमे’ या ऑपेराचा, म्हणजे गाऊन सादर होणाऱ्या नाटकाचा, गॉट्झ फ्रीडरिशने १९७४ मध्ये केलेला चित्रपट डीव्हीडीवर मिळतो. गोष्ट बायबलमधली: सलोमे सावत्र बाप असलेल्या राजा हेरोदपुढे नाचते आणि बक्षीस म्हणून कैदेतल्या योकनानचं, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानचं, मुंडकं मागते. संगीत चालवणारा कार्ल बोम, वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, सलोमेच्या भूमिकेत टेरेसा स्ट्राटास. वडसा-ब्रह्मपुरीकडच्या, झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांनी ही चकती घ्यावी का? घ्यावी. पण बदनाम नाच बघायला घेत असाल तर पैसे वाया जातील.

एक अंक, चार प्रवेश, मध्यंतर नाही, सुमारे शंभर मिनिटं. एकही वाक्य बोललेलं नाही, सगळं गायलेलं. ऑस्कर वाइल्डने मूळ नाटक फ्रेंचमध्ये लिहिलं. १८९२ मध्ये लंडनला तालमी चालू असतानाच त्यावर बंदी आली, कारण तिथे बायबलमधली पात्रं रंगमंचावर आणायला मनाई होती. पॅरिसला ते १८९६ मध्ये उभं राहिलं तेव्हा वाइल्ड तुरुंगात होता. स्ट्राउसने हेडविग लाखमानचं जर्मन भाषांतर घेतलं. नव्याने पद्यं लिहवून न घेता त्याने तेच गद्य कापून-छाटून थेट स्वरात बसवलं. गाणी सुटी काढून ‘वन्स मोअर’ घेता येत नाहीत ती यामुळेच. ९ डिसेंबर १९०५ ला ड्रेस्डेनमध्ये पहिला प्रयोग झाला. व्हिएन्नात तिथल्या ऑपेराचा संचालक माहलर याने जोर लावूनही सेन्सॉर हलला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात जानेवारी १९०७ मध्ये एकच प्रयोग झाला आणि खेळ उतरवला गेला.

आता नाच. सात पडद्यांचा हा नाच नऊ-दहा मिनिटांचा. तो संपला की त्याच गायिकेला मुंडकं मागत राहायचं असतं, आणि शेवटी पंधराएक मिनिटं जवळजवळ एकटीने गायचं असतं. नाचून दम गेला की शेवटचे वरचे सूर फाटतात. ड्रेस्डेनमध्ये तर नाचायला वेगळी नर्तकी होती. चित्रपटात ही अडचण उरतच नाही, कारण ध्वनिमुद्रण आधी झालं आणि ओठ नंतर जुळवले. स्ट्राटासने ही भूमिका रंगमंचावर कधी केलीच नाही. तिचा चेहरा मात्र जबरदस्त आहे: हट्टी पोर आणि खुनी, दोन्ही एकाच नजरेत. तो अभिनय नटींनी जरूर पाहावा. श्वासाचा हिशेब मात्र या चकतीवरून मांडू नये.

खरा पेच विहिरीचा. योकनान कोरड्या विहिरीत कैद आहे आणि बराच वेळ तिथूनच गातो. आपल्या फळ्यांच्या स्टेजखाली तीन-चार फूट जागा असते. तिथे बसून गायलं की श्वास दबतो, वरच्या पावलांचा दणका माईकमध्ये येतो आणि संगीत चालवणारा दिसत नाही. तोडगा असा: गायक पडद्यामागे, त्याच्यासमोर संगीत चालवणाऱ्याचं चित्र दाखवणारा छोटा टीव्ही, आणि गायकाच्या आवाजाचा वेगळा स्पीकर स्टेजखाली, तोंड विहिरीच्या झाकणाकडे. प्रेक्षकांकडच्या मोठ्या टॉप स्पीकरमधून हा आवाज सोडला की विहीर मेलीच! झाकण स्टेजच्या मधोमध कापायचं तर खालचा वासा तुटणार नाही हे आधी बघा, दोन्ही बाजूंना टेकू द्या.

शेवटी विहिरीतून जल्लादाचा काळा हात चांदीच्या ढालीवर मुंडकं घेऊन वर येतो. थर्मोकोलचं मुंडकं हातात घेताच पोकळ दिसतं. खऱ्या डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं, तेवढं पेलत गाता येत नाही. कापडात वाळू भरून दीड-दोन किलो ठेवावं आणि ते खाली टेकवायच्या जागा तालमीतच ठरवाव्यात.

ही चकती मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, गावात प्रोजेक्टरवर लावायची असेल तर डीजेचा बास निम्म्याहून खाली आणा. शिरच्छेदाच्या वेळी डबल बासची तार चिमटीत धरून छोटे, तुटक, कण्हल्यासारखे सूर काढलेत. जनरेटर जवळ असला की ते बुडतात आणि प्रसंगाचा जीवच जातो. जनरेटर पडद्यामागे लांब, वाऱ्याच्या उतारावर ठेवा. मराठी अक्षरं पडद्यावर येत नाहीत, तेव्हा चार प्रवेशांचा सारांश निवेदकाने आधीच पाच मिनिटांत सांगावा. मध्ये थांबवून सांगू नये, संगीताची चढण तुटते. दंव पडायच्या आत, रात्री नऊच्या सुमाराला सुरू करावं. पहाटेपर्यंतचा खेळ समजून आलेल्या मंडळींसाठी पुढे दंडार हा झाडीपट्टीचा लोकनाट्याचा खेळ ठेवलेला बरा, कारण अकरा वाजायच्या आत हे संपतं आणि लोक तिकिटाचे पैसे परत मागतात.