१,९९९ रुपयांचं बेट

दसरा झाला की बेळगावात गोवा-मालवणच्या ट्रिपांची पोस्टर्स व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. निळंशार पाणी, रंगीत मासे, आणि खाली ठळक अक्षरात: 'ग्रँड आयलंड, स्नॉर्केलिंग, पाच वॉटर स्पोर्ट्स, जेवण, फोटो-व्हिडिओ फ्री, फक्त १,९९९'. शहापूरच्या आमच्या भिशीनं गेल्या ऑक्टोबरात असल्याच पोस्टरवर पैसे भरले. सगळी हकीकत लिहिते आहे, कारण तेच पोस्टर खालचा फोन नंबर बदलून परवा परत माझ्या मोबाइलवर आलं.

एजंट आमच्याच भागातला. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातलं एक टेबल, पण तोंडात साखर. 'मावशी, तुम्ही फक्त बॅग भरा, बाकीचं माझ्यावर सोडा.' आमच्या खजिनदार वैनी हिशेबाला पक्क्या. त्यांनी एकेक गोष्ट विचारून घेतली. बेटावर उतरायचं की लांबूनच बघायचं? 'उतरायचं की ओ!' स्नॉर्केलिंगचं, म्हणजे पाण्यात तोंड घालून मासे बघायचं सामान? 'सगळं त्यातच.' वर आणखी काही द्यावं लागेल? 'एक रुपया नाही. शहाळं प्यायलात तर तेवढं तुमचं.' क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव आलं कुणा मोबाइल दुरुस्तीवाल्याचं. 'पाव्हण्यांचं खातं आहे, चालतंय.' पावती म्हणून त्यानं तेच पोस्टर 'पेड' असं लिहून पाठवलं. त्यावर ना कंपनीचं नाव, ना जीएसटी नंबर, ना बोटीचा पत्ता. वैनी हटूनच बसल्या, तेव्हा कुठं हातानं लिहिलेला एक कागद मिळाला. त्यावर माणसं किती, रक्कम किती, 'ग्रँड आयलंड पॅकेज' एवढे शब्द आणि त्याची सही.

पहाटे टेम्पो ट्रॅव्हलरनं निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी. त्या रस्त्याबद्दल बेळगावकरांना मी काय सांगायचं! आपल्याकडची भाजी घेऊन निघालेल्या गाड्यांच्या मागं मागं गोव्यात उतरलो.

आता हे ग्रँड आयलंड नेमकं कुठं आहे ते सांगते, कारण पहिली मेख तिथंच आहे. हे बेट आहे वास्कोच्या बाजूला, मुरगावच्या भूशिराजवळ. बायणा किंवा बोगमाळोहून ते जवळ पडतं. आम्हाला मात्र नेलं मांडवीच्या उत्तरेला, नेरूळच्या बाजूच्या जेटीवर. तिथून निघालं की आग्वादचा किल्ला, मांडवीचं मुख, काबोचं राज्यपालांचं निवासस्थान, पुढं झुआरीचं मुख आणि मुरगाव बंदर, एवढं सगळं ओलांडल्यावर बेट येतं. साध्या बोटीला जायलाच तासाच्या वर लागतो आणि डिझेल जळतं ते वेगळं. उत्तर गोव्यातूनही चांगल्या बोटी तिथं जातात, नाही असं नाही. पण १,९९९ रुपयांत एजंटाचं कमिशन, गाडी, जेवण, पाच खेळ आणि हा पल्ला बसवायचा म्हटलं की काहीतरी गाळावंच लागतं. आमच्या बाबतीत बेटच गाळलं.

जेटीवर आमचा ताबा एजंटाकडून ड्रायव्हरकडे, ड्रायव्हरकडून टोपीवाल्या एका पोराकडे आणि त्याच्याकडून बोटीवर गेला. प्रत्येकानं आधीच्याचं नाव ऐकून खांदे उडवले. लाइफ जॅकेटं दिली, त्यातल्या काहींची बक्कलं तुटलेली. आमच्यातल्या एका काकूंनी दुसरं मागितलं तर पोरगा म्हणाला, 'हातानं धरून ठेवा.' हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून, म्हणजे सिलिंडर लावून पाण्याखाली जाऊन, परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. डिसेंबर २०२४ मध्ये कळंगुटला बोट उलटून एक जण गेला. काकू जागच्या हलल्या नाहीत, त्यामुळे दुसऱ्या बोटीतून धड जॅकेट आणावं लागलं.

डॉल्फिन दिसले. ते खरे होते, आणि दिवसभरात पैसे वसूल करणारे तेवढेच. आग्वादच्या पुढं आल्यावर इंजिन बंद झालं आणि तो पोरगा वही घेऊन उठला. आयलंड फी माणशी २००, 'गव्हर्नमेंटची आहे.' मास्क आणि नळीचे ३००. पायात घालायच्या बुटांचे १००. मी म्हटलं, पॅकेजमध्ये सगळं आहे. तो म्हणाला, 'मॅडम, पॅकेज आपका एजंट का है, बोट हमारी है. नको असेल त्यांनी बोटीत बसून राहा.'

सगळी चलाखी आहे ती इथं. गणपत गल्लीत भाव पटला नाही तर माणूस पुढच्या दुकानात जातो. बोटीत पुढचं दुकान नसतं. खाली पाणी, वर ऊन, लाटेवर हलणारी बोट, दोघी ओकाऱ्या देऊन बेजार, लेकरं 'कधी उतरायचं' म्हणून मागं लागलेली. अशा वेळी दोनशे-तीनशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार? त्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून किनाऱ्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. पोस्टरवरचा आकडा लहान ठेवायचा आणि बाकीचा समुद्रात काढायचा. 'सरकारी' फीची पावती मागितली तर 'जेटीवर मिळेल' म्हणाला. सरकार पैसे घेतं तेव्हा पावती त्याच क्षणी फाटते, एवढं तर रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही कळतं.

पैसे गोळा झाल्यावर बोट थोडी पुढं गेली आणि एका खडकाळ टोकाजवळ नांगर पडला. 'आयलंड!' आमच्यातल्या एकीच्या मुलीनं मोबाइलवर नकाशा उघडला. निळा ठिपका सरळ पणजीच्या बाजूच्या जमिनीला चिकटलेला, आणि ग्रँड आयलंड खाली कुठंतरी लांब. तिनं दाखवलं तर बोट चालवणारा तांडेल म्हणाला, 'उधर पानी रफ है. यही आयलंड का पानी है.' बेटावर न जाता बेटाची फी भरणारे आम्हीच पहिले असू.

पाणी कसं होतं? तांदूळ धुतल्यावर भांड्यात उरतं तसं. यात नवल काही नाही. मांडवी आणि झुआरी दोन्ही नद्या तिथंच समुद्राला मिळतात, आणि पावसाळ्यात वाहून आणलेला गाळ ऑक्टोबरात खाली बसलेला नसतो. गोव्याच्या किनाऱ्यावर स्वच्छ दिवसातसुद्धा पाण्याखाली काही मीटरपलीकडचं दिसत नाही. त्यातल्या त्यात बरं दिसतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तेही नदीमुखापासून लांब. पोस्टरवरचा तो निळा फोटो अंदमान-लक्षद्वीपकडचा असावा. तो अरबी समुद्राच्या आपल्या काठाचा नव्हे, हे मी आता छातीठोक सांगू शकते.

मास्क एकीच्या तोंडावरून काढून दुसरीला, नळीचं तोंडात धरायचं टोक बादलीतल्या पाण्यात बुचकळून तिसरीला. बोटीला बांधलेल्या हवेच्या रिंगेला धरून पाण्यात तोंड घातलं की आपलाच कोपर दिसेनासा. मग पोरानं पावाचे तुकडे फेकले, चार मासे वर आले, तेवढ्यात 'हो गया, नेक्स्ट!' धड मास्क कसा ओळखायचा ते माझ्या पुतण्यानं नंतर सांगितलं. पट्टा न लावता मास्क तोंडावर ठेवायचा आणि नाकानं हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर ठीक, घसरला तर त्यात पाणी शिरणार. ही तपासणी किनाऱ्यावरच करावी.

यानंतर स्कूबाचा डाव. 'वरून काही दिसत नाही ना मॅडम? खाली क्लिअर आहे. १,५०० मध्ये स्कूबा.' लक्षात घ्या, स्नॉर्केलिंग म्हणजे नळी तोंडात धरून पाण्याच्या वरच तरंगायचं, आणि स्कूबा म्हणजे पाठीवर सिलिंडर घेऊन खाली जायचं. दोन्हींचे धोके वेगळे, शिकवणं वेगळं. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास आहे का हे लिहून घेतल्याशिवाय जबाबदार माणूस कुणाला सिलिंडर लावत नाही. इथं कुणी काही विचारलं नाही. माझी भाची उतरायला निघाली, तिच्या पिशवीत दम्याचा पंप! आम्ही ओढून मागं बसवली. दुसरी एक मुलगी गेली, पण खाली जाताना नाक दाबून कानात हवा कशी सोडायची ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. कान दुखतो म्हणून कळवळत वर आली. पैसे परत नाहीत, 'सिलिंडर ओपन झाला.'

बेळगावकरांसाठी आणखी एक गोष्ट, जी तिथं कुणीही सांगत नाही. स्कूबा केल्यावर निदान १२ तास विमानात बसू नये असं डायव्हिंग शिकवणारे सांगतात, कारण खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडू शकतो. दोन हजार फुटांच्या वरच्या उंचीलाही हाच हिशेब. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, म्हणजे त्या रेषेच्या वर. दोन-चार मीटर पाण्यात दहा मिनिटं गेलेल्याला भीती फारशी नाही, पण खरोखर खोल उतरून त्याच संध्याकाळी चोर्ला घाट चढायचा बेत असेल तर रात्र खालीच काढा. एका दिवसात जाऊन-येऊन 'डीप डायव्हिंग' विकणाऱ्याला हे माहीत नसतं, किंवा माहीत असून तो गप्प बसतो.

वॉटर स्पोर्ट्सबद्दल फार लिहीत नाही. जेट स्की एक फेरी, ती संपली हे कळायच्या आत संपली. बनाना राइड झाली. पॅरासेलिंग 'वाऱ्यामुळे बंद', त्याचे पैसे एजंटाकडून घ्या म्हणे. आमच्या शेजारी रोख पैसे देणाऱ्यांसाठी मात्र तोच वारा थांबला होता.

व्हिडिओ चार दिवसांनी आला, तोही आणखी ५०० 'मेमरी कार्डाचे' घेऊन. निळं पाणी, पिवळे मासे, मास्क लावलेली एक बाई हात हलवते आहे. भिशीत सगळ्या कौतुकानं बघत बसल्या होत्या. ज्यांचा म्हणून तो व्हिडिओ आला होता त्या काकूच ओरडल्या, 'हा हात माझा न्हवं ओ! माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या.' मग बाकीच्यांनी आपापले उघडले. सगळ्यांना तीच बाई.

एजंटाला फोन केला तर 'बोटवाल्याला विचारा.' बोटवाल्याला आम्ही जेटीवर उतरतानाच विचारलं होतं. तांडेल म्हातारा होता, बिचारा सरळ बोलला: 'आमकां फकत डॉल्फिन ट्रिपाचे पयशे मेळ्ळ्यात.' म्हणजे एजंटानं बेटाची ट्रिप आम्हाला विकली आणि बोटवाल्याकडून घेतली डॉल्फिनची. वरचे पैसे त्या पोरानं स्वतःच्या हिमतीवर काढले. दोघांचं आपसात ठरलं होतं की नाही, ते तेच जाणोत.

जाणाऱ्यांनी विचारायचं ते एजंटाला विचारून भागत नाही. बोट कुणाची, कुठल्या जेटीवरून सुटणार, हे आधी लिहून घ्यावं आणि बोटवाल्याला स्वतः फोन करावा. गोव्यात बोटींचा परवाना कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याचा असतो, वॉटर स्पोर्ट्सवाल्यांची नोंद पर्यटन खात्याकडे. मालवणकडे महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. 'बेटावर पाय लागणार की बाजूला नांगर टाकणार' हे नेमक्या शब्दांत विचारा, कारण चांगल्या बोटीसुद्धा पुष्कळदा बाजूलाच थांबतात. त्यात फसवणूक नाही, आधी सांगितलं असेल तर. आमच्या पुतण्याचं मत असं की पाणी बघायचंच असेल तर मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेट करावं. किनाऱ्यापासून जवळजवळ १९ किलोमीटर आत असल्यामुळे पाणी पुष्कळ स्वच्छ. दर मात्र आमच्या पोस्टरच्या कितीतरी वर, आणि आता मला तो दर रास्त वाटतो.

तक्रारीचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथं नोंद केली. मग एजंटाला स्पीड पोस्टानं नोटीस, इंग्रजीतून, म्हणजे 'मला वाचता येत नाही' ही पळवाट नको. ज्यांनी थेट गोव्यातल्या एजंटाकडे ऑनलाइन पैसे भरले असतील त्यांना तर हे माहीत हवंच: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पणजीला खेटे घालायचे नाहीत, बेळगावातच अर्ज होतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे भरून एजंटच गायब झाला असेल तर वेळ न घालवता १९३० वर सायबर तक्रार करावी.

नोटीस पोचल्यावर एजंट खजिनदार वैनींच्या दारात आला. आयलंड फी, व्हिडिओचे पैसे आणि स्कूबाचे पैसे त्यानं परत केले. पॅकेजच्या रकमेवर मात्र 'बोट तर फिरवली की ओ' म्हणून अडून बसला आहे. तेवढ्यासाठी आयोगात अर्ज दिला आहे. जोडीला सहीचा कागद, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, नकाशावरचा तो निळा ठिपका आणि सगळ्यांना आलेला एकच व्हिडिओ. त्याच पोस्टरवर आणखी कुणी पैसे भरले असतील तर आपापले कागद काढून ठेवा आणि स्वतंत्र तक्रार करा.